आण्णांची सिटी आणि नायट्रसची बाटली

मंडळी, गाडीवर लिहीन असं बरेच दिवस म्हणतोय. मधे दोन रिलीज झाले, एक सर्व्हर आडवा झाला, पोरीची परीक्षा झाली (अभ्यास आमचा, परीक्षा तिची). शेवटी आज शनिवारी मोकळा वेळ सापडला. चहा घेऊन बसा, पोस्ट जरा लांबलीय.

तर गाडी म्हणजे २००२ सालची होंडा सिटी, दीड लिटर व्हीटेक. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांना एवढंच सांगतो की त्या काळात ह्या साध्यासुध्या दिसणाऱ्या सेदानमध्ये १०६ हॉर्सपॉवर होते. पुढे २००३च्या शेवटी नवी सिटी आली, जिला सगळे ‘डॉल्फिन’ म्हणतात. तिचंही इंजिन दीड लिटरचंच, पण पॉवर ७७! तेव्हा जुन्या व्हीटेकवाल्यांची कॉलर जी ताठ झाली ती अजून खाली आलेली नाही.

आमची गाडी आण्णांची. आण्णा म्हणजे वडील. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत ३१ वर्षं काढली त्यांनी. २००६ साली मालकांनी नवी गाडी घेतली आणि ही एमएच-०९ आण्णांनी हप्त्यावर उचलली. आण्णांनी गाडीबरोबर एक लाल वही ठेवली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, ऑइल कधी बदललं, सगळं त्या वहीत. आम्हा भावंडांचे वाढदिवस चुकले असतील, ऑइल कधी चुकलं नाही. २०१९ साली काचबिंदूमुळे डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा किल्ली आणि वही दोन्ही माझ्या हातात दिली. गाडी पुण्याला आली. वहीत पुढची नोंद करायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं. उद्या लिहू, परवा लिहू… तुम्हाला माहितीच आहे.

मागच्या दिवाळीला सगळे कोल्हापूरला जमलो होतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सांगली रोडला मी आणि पुतण्या, दोघं दोन गाड्यांत. त्याची नवीन टर्बो हॅचबॅक, एक लिटरची, माझ्या इंजिनाच्या दोन तृतीयांश. मोकळा रस्ता बघून मी थर्डला टाकून दाबली. इंजिन ओरडलं, फार ओरडलं. पुतण्या मात्र हात दाखवून निघून गेला. घरी आल्यावर म्हणाला, “काका, आता विका ही. नादखुळा होती एकेकाळी.”

एकेकाळी! चाळिशीला टेकलेल्या माणसाला हा शब्द कुठं लागतो, ते इथं सांगत बसत नाही. :)

त्यानंतर महिन्याभरातच बाटली आली. पुण्यातला एक मित्र जर्मनीला कायमचा निघाला होता. त्याच्या गॅरेजमध्ये एक नायट्रस किट पडून होतं. बाटली, सोलेनॉइड, नॉझल, वायरिंग, सगळं. आम्ही दोघांनी २००३ साली हॉस्टेलवर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ पाहिला होता (सिनेमा २००१चा, आमच्यापर्यंत सीडी यायला दोन वर्षं लागली). बटण दाबलं की दिव्यांच्या रेघा होतात आणि गाडी दुसऱ्या जगात जाते, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं. मित्र म्हणाला, “घेऊन जा. पन्नासचा शॉट आहे, लहानच आहे.” १०६ अधिक ५० म्हणजे १५६. ज्या ऑक्टाव्हिया आरएसकडे आम्ही तेव्हा आ वासून बघायचो तिचे १५० होते. मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात पुतण्याला चार वेळा मागे टाकलं होतं.

आता हे नायट्रस म्हणजे काय ते थोडक्यात. बऱ्याच जणांना वाटतं की ते पेट्रोलसारखं जळतं. नाही. नायट्रस ऑक्साइड स्वतः इंधन नाहीच. दातांच्या डॉक्टरांकडे मिळणारा हा तोच ‘हसवणारा वायू’, ऑपरेशन थिएटरमधल्या निळ्या सिलिंडरातला. इंजिनाची खरी अडचण पेट्रोलची नसते, हवेची असते. पेट्रोल कितीही ओतता येतं, पण ते जाळायला लागणारा ऑक्सिजन पिस्टन जेवढा ओढेल तेवढाच. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६. इंजिनाच्या आत सुमारे ३०० डिग्रीच्या पुढे ह्या वायूचे तुकडे पडतात आणि ऑक्सिजन सुटा होतो. शिवाय बाटलीतून द्रवरूपात बाहेर पडताना तो उकळतो, तेही उणे ८८ डिग्रीला, त्यामुळे आत येणारी हवा गार आणि घट्ट होते. जास्त ऑक्सिजन, त्याच्या मापाचं जास्त पेट्रोल, जास्त जाळ. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लढाऊ विमानांत हाच उद्योग केला होता, उंचावर हवा विरळ व्हायची म्हणून.

म्हणजे टर्बो जे काम पंख्याने करतो ते इथे बाटली करते. गाडी एरवी शांत, बटण दाबलं की दहा-बारा सेकंदांचा राक्षस. आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर जुन्या सर्व्हरवर सेलच्या दिवशी दुप्पट ट्रॅफिक सोडायचं आणि म्हणायचं, हार्डवेअर तेच आहे की!

इथे खरी मेख आहे ती ‘त्याच्या मापाचं पेट्रोल’ ह्या तीन शब्दांत. ऑक्सिजन वाढला आणि पेट्रोल कमी पडलं तर जाळ पातळ होतो, आणि पातळ जाळ फार गरम असतो. मग मिश्रण ठिणगीची वाट न बघता कुठेही पेटतं, इंजिनात खडे वाजल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून माझ्या किटमध्ये नायट्रसबरोबर जादा पेट्रोल सोडणारा दुसरा सोलेनॉइड होता. ठिणगीचा टायमिंगही मागे घ्यावा लागतो, पन्नासाच्या शॉटला साधारण दोन डिग्री. प्लग थंड जातीचे लागतात. आरपीएम कमी असताना बटण दाबलं तर इनटेकमध्येच भडका उडू शकतो, म्हणून तीन हजारांच्या वर आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच चालू होईल असा स्विच लागतो. आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आपल्याच भागातल्या उसाचं असेल, त्याला नमस्कार. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. २००२ सालचा ईसीयू पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला आपल्या जुन्या तक्त्याप्रमाणेच इंधन सोडणार. म्हणजे मी बटणाला हात लावायच्या आधीच गाडी थोडी पातळ चालत होती.

हे सगळं मी वाचलं. एक्सेल शीट केली. तीन रंगांत. आणि ठरवलं की किट कोल्हापुरातच बसवायचं. पुण्यात कुणाला विचारलं की आधी खर्चाचा आकडा येतो, कोल्हापुरात आधी चहा येतो.

शुक्रवारी रात्री उशिरा पोचलो. सकाळी उठतोय तर आण्णा गाडीपाशी. डिकी उघडी. बाटलीवर हात फिरवत होते. डोळ्यांनी आता कमी दिसतं, पण धातूवर हात ठेवला की त्यांना बरंच काही कळतं.

“हे काय आणलंयस?”

मी सांगितलं. एक्सेल शीटसकट सांगितलं. ते पूर्ण ऐकून घेत होते, मधे बोलले नाहीत. आई मागून म्हणाली, “मी चहा टाकतो, आत येऊन बोला की.” (पुण्यातल्या वाचकांसाठी: होय, आमच्याकडे बायकाही ‘टाकतो’च म्हणतात.)

चहा पिताना आण्णांनी विचारलं, “भरलीय का बाटली?”

“अर्धी असेल. वजनावरून कळतं, काट्यावर नाही.” घरातल्या गॅससारखंच आहे ते. आत द्रव आहे तोवर प्रेशर तेवढंच राहतं.

“उन्हात काय होतं?”

ह्याचं उत्तर मला येत होतं. ३६ डिग्रीच्या थोडं वर गेलं की नायट्रस द्रव राहूच शकत नाही आणि प्रेशर भराभर चढतं. एप्रिलमधली आमची डिकी डोळ्यांपुढे आली. बाटलीला सेफ्टी डिस्क असते, असं मी म्हणालो. आण्णा फक्त ‘हं’ म्हणाले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

“पिस्टन कशाचा असतो?”

“अ‍ॅल्युमिनियमचा.”

“कितीला वितळतं?”

“६६०.”

“ते शुद्ध. पिस्टनात सिलिकॉन घातलेलं असतं, ते आणखी आधी मऊ पडतं. आणि आत जाळ किती?”

“दोन हजारच्या वर.”

“मग रोज गाडी चालू करतोस तेव्हा पिस्टन वितळत का न्हाई?”

मंडळी, चार वर्षं इंजिनिअरिंग, पंधरा वर्षं नोकरी, तीन रंगांची एक्सेल शीट, आणि मला उत्तर आलं नाही. आण्णांनीही सांगितलं नाही. म्हणाले, “उद्यमनगरात जा मेस्त्रीकडं. आधी कॉम्प्रेशन बघ. मग बाटलीचं बघू.”

शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं सांगू? बोळाबोळांत लेथ, बोअरिंग मशीन, क्रँक घासणारे, हेडचं फेसिंग करणारे. उसाला पाणी पाजायच्या ऑइल इंजिनांपासून हा सगळा व्याप वाढला. कूलंट आणि जळक्या ऑइलचा वास, आणि प्रत्येक दुकानात एक तरी माणूस असा, की ज्याचं शिक्षण सातवी असतं पण हाताला शतांश मिलिमीटर कळतो. आमचे मेस्त्री मामा त्यातलेच. आण्णांची आणि त्यांची ओळख माझ्या जन्माआधीची.

मामांनी बाटलीकडे बघितलंही नाही. चारही प्लग काढले, गेज लावला, मला म्हणाले, “अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाब आणि सेल मार.” चार आकडे आले: १७८, १७५, १३८, १७२. चारींत दहा टक्क्यांच्या आत फरक असावा, हा त्यांचा ठोकताळा. तिसऱ्या नंबरने तो कधीच मोडला होता.

मग मामांनी तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. १६६. “बघ. ऑइलनं फट भरली आणि प्रेशर वर आलं. व्हॉल्व्ह गळत असता तर आलं नसतं. रिंगा गेल्यात.”

मी आण्णांचा प्रश्न त्यांना विचारला. पिस्टन रोज का वितळत नाही? मामा हसले. एक जुना पिस्टन उचलून माझ्या हातात दिला आणि रिंगेवर बोट ठेवलं. “वरून जाळ लागतो, ती उष्णता जाणार कुठं? हितनं. रिंगेतनं लायनरला, लायनरमधनं पाण्याला. थोडी खालनं ऑइलला. रिंग हाय म्हणून पिस्टन हाय. रिंग ढिली झाली की प्रेशर खाली पळतं आणि उष्णता वर बसती.”

मी तो पिस्टन हातात धरून तसाच उभा. माझ्या शीटमध्ये नॉझलचं माप होतं, टायमिंग होता, प्लगचा नंबर होता. सगळं बाटलीच्या बाजूचं. इंजिनाच्या बाजूला मी एकच आकडा लिहिला होता, १०६, आणि तो २००२ सालचा होता. २,१३,००० किलोमीटरनंतर तो किती उरलाय, हे मला माहीत नव्हतं. मोजावंसं वाटलंही नव्हतं. ज्या पिस्टनला स्वतःची रोजची उष्णता बाहेर टाकणं अवघड झालं होतं, त्याच्यावर मी आणखी निम्मा जाळ ओतायला निघालो होतो. बटण दाबलं असतं तर बहुतेक पहिली दहा सेकंदं झकास गेली असती, आणि मग तिसऱ्या पिस्टनाने उत्तर दिलं असतं. तेही हायवेवर, बाजूला ट्रक असताना.

“कधीपासून गेल्या असतील रिंगा?” मी विचारलं.

“ऑइल किती खाते?”

आता सांगा, ऑइल किती खाते हे मला कसं माहीत असणार? ते वहीत लिहायचं असतं.

त्या रात्री मी लाल वही काढली. आण्णांची शेवटची नोंद २०१९ची, त्यांच्या बारीक अक्षरात: ऑइल बदलले, वरून घालावे लागले नाही. त्यानंतर पानंच्या पानं कोरी. गाडी मला धडधाकट मिळाली होती. तिसऱ्या नंबरची रिंग माझ्या हातात गेली, आणि मी मात्र पॉवर कमी पडते म्हणून बाटली शोधत होतो. खरं सांगतो, पुतण्याचं ते ‘एकेकाळी’ इतकं लागलं नव्हतं.

कायद्याचंही बोलायला हवं, नाहीतर कुणीतरी विचारेलच. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात न बसणारा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ते ठणकावून सांगितलंय. त्यात ही गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, दर पाच वर्षांनी पासिंग. बंद धावपट्टीवरची गोष्ट निराळी. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरायची, तिथे लोक तयार केलेल्या गाड्या घेऊन यायचे. तिथे पाव मैलाला सरळ रेषेत काय करायचं ते करा. सांगली रोडला ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन लाइटशिवाय आडवा येतो. तिथे १५६चं काय आणि ५६चं काय.

दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हणालो, “इंजिन बांधू या.”

इंजिन उतरलं. लायनर बोअर करून होनिंग केलं, पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा घातल्या (जुन्या गाडीला ते मिळायला तीन आठवडे लागले). व्हॉल्व्ह बसवले, हेडचं फेसिंग, नवीन गॅस्केट, पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलले. मी तीन शनिवार पुण्याहून येऊन तिथे स्टुलावर बसलो. मामांनी नवी रिंग लायनरमध्ये सरकवून तोंडाची फट फीलर गेजने मोजून दाखवली. म्हणाले, नायट्रसवाल्यांना ही फट जास्त ठेवावी लागते, नाहीतर उष्णतेने रिंगेची तोंडं भिडतात आणि पिस्टनची कड उडते. म्हणजे मामांना बाटलीबद्दल सगळं माहीत होतं! मी म्हणालो, “मग आधी का बोलला नाहीत?” तर म्हणाले, “तू इंजिनाचं विचारलंस कुठं? बाटलीचंच सांगत हुतास.”

हजार किलोमीटर हळू चालवून रिंगा बसल्यावर एका रविवारी सकाळी आण्णांना शेजारी बसवलं आणि पन्हाळ्याला निघालो. चढ सुरू झाला तसं सेकंडला टाकून हळूहळू दाबत नेलं. आणि मंडळी… साडेचार, पाच हजारांच्या पुढे इंजिनाचा आवाज बदलला, सीट पाठीला टेकली, आणि चढ आहे हे गाडी विसरूनच गेली. मला वाटायचं, मला ह्या गाडीची पॉवर माहीत आहे. मला तिचं म्हातारपणच तेवढं माहीत होतं. किती हॉर्सपॉवर परत आले ते मी मोजलेलं नाही. पण सांगली रोडला ओरडून जे मिळालं नव्हतं ते इथे न ओरडता मिळालं.

आण्णांना रस्ता धूसर दिसत होता. ते खिडकीची काच खाली करून इंजिन ऐकत होते. वळण संपल्यावर म्हणाले, “आता चारी बोलाय लागल्यात.”

बाटली माझ्याकडे नाही. धावपट्टीवर गाडी पळवणाऱ्या एकाला दिली. त्याने त्यासाठीच इंजिन बांधलंय, फोर्ज्ड पिस्टन घालून, रिंगेची फट मोजून. त्याच्या हातात ती शोभते. मला नायट्रसबद्दल राग नाही, उलट फार हुशार रसायन आहे. पण ते इंजिनाला ताकद देत नाही. इंजिनात किती ताकद उरलीय ते दहा सेकंदांत विचारून घेतं, आणि उत्तर आपल्याला आधीच माहीत असलेलं बरं.

पुतण्या गणपतीला आला होता. चावी मागून घेतली, शिये फाट्यापर्यंत चक्कर मारून आला, आणि म्हणाला, “काका, काय घातलंत हिच्यात?”

मी म्हणालो, “रिंगा.”

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. असो.

लाल वही आता डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. मधली पानं मी कोरीच ठेवलीत. नवीन पानावर पहिली नोंद आण्णांनी सांगितली आणि मी लिहिली: २,१३,४८०. इंजिन बांधले. पुढच्या ओळीत पेट्रोल, ऑइल, तारीख. कालच शेवटची नोंद केली. वरून ऑइल घालावे लागले नाही.